बरहुकूम

पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीतल्या एखाद्या जाणत्या कारागिरापुढे आपण जुने भांडे नेऊन ठेवले आणि "ह्याहून जरा थोराड हवे, तोंड मात्र एवढेच असू द्या" एवढे बोलून स्वस्थ बसलो, तरी तो मनुष्य आपल्या त्या सैल वाक्यातील 'जरा' ह्या शब्दाचे माप स्वतःच्या अनुभवाने ठरवितो, आपण सांगावयाचे विसरलो ते विचारून घेतो, विचारावयाचे राहिले ते अकलेने भरून काढतो, आणि अखेरीस जी वस्तू हाती देतो ती आपल्या शब्दांप्रमाणे नसली तरी आपल्या मनातल्याप्रमाणे असते. ग्राहकाचे अज्ञान कारागिराच्या विवेकाने झाकून घ्यावे, असा हा जुना आणि फार सुखाचा व्यवहार आहे.

त्याच पुण्याच्या उत्तर अंगाला, भोसरीच्या किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, लेझर किरणाने पत्रा कापणारी यंत्रे अहोरात्र चालू असतात, आणि अलीकडे त्यांपैकी काही कारखानदार हौशी माणसाचे एकदोन नगांचे कामही आनंदाने घेऊ लागले आहेत. पूर्वी असे काम हातात घ्यावयाचे म्हणजे पंच आणि डाय घडविण्याचा खर्च अंगावर पडे, व एका नगासाठी तो कोणालाही परवडणारा नव्हता. लेझरला साचा लागत नाही, त्याला लागतो तो केवळ आराखडा. परंतु ह्या यंत्रापाशी तांबटाचा विवेक नाही. त्याला जी फाइल मिळेल ती त्याच्या दृष्टीने चित्र नसते, सूचनाही नसते. तो हुकूमनामा असतो, आणि त्याची अंमलबजावणी बरहुकूम, अक्षरशः आणि निर्विकारपणे होते. म्हणून जो विवेक पूर्वी कारागीर पदरचा घालीत असे, तो आता हुकूम लिहिणाऱ्याने आधीच घातला पाहिजे. हौशी मनुष्य येथे चुकतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. आपण चित्र काढीत नसून दस्तऐवज लिहीत आहो, ही जाणीव त्याला वेळेवर होत नाही म्हणून.

ह्या यंत्राच्या वंशावळीत महाराष्ट्राचा एक धागा आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिला लेझर थिओडोर मेमन ह्यांनी १९६० साली अमेरिकेत माणकाच्या स्फटिकातून सिद्ध केला. परंतु धातू कापण्याइतके बळ ज्या जातीच्या लेझरने प्रथम दाखविले, तो कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेझर १९६४ साली बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल ह्यांनी निर्माण केला. हे पटेल १९३८ साली बारामतीस जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन परदेशी गेले. पुढे १९६७ साली इंग्लंडात पीटर हूल्डक्रॉफ्ट ह्यांनी त्या किरणाबरोबर प्राणवायूचा झोत सोडून १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखविला, आणि वितळविणारा किरण व वितळलेले उडवून लावणारा वायू ही जी जोडी त्या वेळी जमली ती आजतागायत फुटलेली नाही. पत्र्याच्या कामात आता वायूच्या लेझरची जागा बहुतांशी फायबर लेझरने घेतली आहे, तरी तत्त्व तेच आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, कारण ह्या विषयात सामान्य नियम कितीही सांगितले तरी ते वाऱ्यावर जातात. घराच्या गच्चीवर बसवावयाचे सूर्यघड्याळ आपल्याला करावयाचे आहे असे धरा: ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस पत्र्याची, ३०० मिलिमीटर व्यासाची एक वर्तुळाकार तबकडी, आणि तिच्यावर दक्षिणोत्तर उभा राहणारा, त्याच पत्र्यातून कापलेला एक त्रिकोणी शंकू. हे काम मी मुद्दाम निवडतो, कारण ह्यात फाइलीतील प्रत्येक अंश आणि प्रत्येक मिलिमीटर ह्यांची साक्ष पुढे आकाशातील सूर्य देणार असतो, आणि त्या साक्षीदाराला वश करून घेण्याची सोय नाही.

शंकूची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली असावी लागते, म्हणजेच तिचा पायाशी होणारा कोन त्या गावच्या अक्षांशाइतका असावा लागतो. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५२ अंश; तेव्हा शंकूचा पाया २०० मिलिमीटर धरला तर त्याचे उत्तरेकडील टोक ६७ मिलिमीटर उंच येते. हीच फाइल नागपूरच्या स्नेह्याला भेट म्हणून पाठविली तर ती तेथे निरुपयोगी ठरेल, कारण नागपूरला तेवढ्याच पायावर ७७ मिलिमीटरांहून थोडी अधिक उंची लागते, आणि पणजीस सुमारे ५५ मिलिमीटर पुरते. जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्राचा प्रचंड दगडी जिना सुमारे २७ अंशांनी चढतो, तो ह्याच कारणाने. तबकडीवरील तासांच्या रेषा मात्र समान अंतरावर नसतात. मध्यान्हापासूनच्या प्रत्येक तासाला १५ अंश होराकोन धरून त्याच्या स्पर्शज्येला अक्षांशाच्या ज्येने, म्हणजे पाठ्यपुस्तकांच्या भाषेत टॅनला साइनने, गुणले असता इष्ट रेषेच्या कोनाची स्पर्शज्या मिळते. आणि हा हिशेब पुण्यासाठी केला तर मध्यान्हरेषेपासून पहिल्या तासाची रेषा ४.९ अंशांवर, दुसऱ्याची १०.४, तिसऱ्याची १७.६, चौथ्याची २८.८, पाचव्याची जवळजवळ ५० आणि सहाव्याची बरोबर ९० अंशांवर येते. दुपारच्या सुमाराच्या रेषा इतक्या दाटीने येतात की तेथे अर्ध्या अंशाची चूक म्हणजे सहा मिनिटांची चूक. म्हणून ह्या रेषा हाताने, नजरेच्या अंदाजाने ओढू नयेत. लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड ह्यांसारख्या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीत कोन आणि लांबी आकड्यांनी भराव्यात.

फाइल कोणत्या स्वरूपात द्यावयाची, ह्याचे उत्तर बहुतेक सर्व कारखान्यांत एकच मिळते: डीएक्सएफ. ऑटोकॅड ही आरेखनप्रणाली १९८२ साली बाजारात आली तेव्हाच, एका प्रणालीतील रेखाटन दुसरीला वाचता यावे म्हणून हे स्वरूप जन्मास आले. त्यात आकृती रंगीत ठिपक्यांनी साठविलेली नसते. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेषा, अमुक केंद्र व अमुक त्रिज्या असलेले वर्तुळ, असा सारा तपशील आकड्यांनी नोंदलेला असतो. भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र अथवा जेपीजी चित्र कापण्यास का चालत नाही, ह्याचे कारण एवढेच की त्यात रेषा दिसते, पण असत नाही.

ह्या स्वरूपाचा एक जुना आणि घातक दोष असा की त्यातील आकड्यांना एककाची सक्ती नाही. फाइलीत '२००' लिहिलेले असते. ते मिलिमीटर की इंच, ह्याची नोंद कधी असते, कधी नसते, आणि असली तरी वाचणारी प्रणाली ती पाळीलच असा भरवसा नाही. इंच म्हणून वाचले गेले तर आपला २०० मिलिमीटरांचा शंकू ५ मीटरांहून लांब होतो, आणि इतकी मोठी चूक निदान लपत तरी नाही. परंतु इंकस्केपसारख्या चित्रप्रणालीतून पिक्सेलचे एकक राहून फाइल बाहेर पडली की २०० चे ७५६ होतात, कारण तेथे एका इंचात ९६ पिक्सेल धरलेले असतात, आणि ७५६ मिलिमीटरांची वस्तू ही कापता येण्याजोगी, पत्र्यात मावणारी आणि म्हणून अधिक धोक्याची चूक असते. ह्यावर माझ्या माहितीतील सर्वांत साधा इलाज म्हणजे सोबतच्या पत्रात वस्तूची एकूण लांबी व रुंदी शब्दांत लिहून देणे. 'तबकडीचा बाहेरचा व्यास ३०० मिलिमीटर' एवढे एक वाक्य असले तर यंत्र चालविणाऱ्याला खातरजमा करण्यास आधार मिळतो.

रेषांचे शिस्तपालन हा पुढचा भाग. पडद्यावर जी रेषा १ मिलिमीटर जाड दिसते तिची जाडी यंत्राला दिसतच नाही. किरण तिच्या मध्यावरून एकदा जातो आणि संपले. फट हवी असेल तर तिच्या दोन्ही कडा काढून बंदिस्त आकृती दिली पाहिजे. बाहेरची कड कोठेही तुटलेली असता कामा नये, कारण शतांश मिलिमीटरची फट डोळ्याला दिसली नाही तरी प्रणालीच्या हिशेबी ती आकृती उघडीच राहते, आणि आत कोणते व बाहेर कोणते हे तिला ठरविता येत नाही. एकावर एक पडलेल्या दोन रेषा म्हणजे एकाच जागी दोनदा काप, दोनदा भाडे आणि जळकी कड. तासांच्या रेषा तर पत्र्याच्या आरपार जाताच कामा नयेत: त्या एका बिंदूत मिळतात, आणि तेरा फटी एका बिंदूकडे धावल्या की त्यांच्यामधील धातूच्या पाचरी तेथे दोऱ्यासारख्या बारीक होऊन वाकतात. ह्या रेषा किरणाचे बळ कमी करून वरवर कोरावयाच्या असतात, म्हणून त्या वेगळ्या थरात, वेगळ्या रंगाने ठेवाव्यात व कोणता रंग कापण्याचा आणि कोणता कोरण्याचा हे पत्रात नमूद करावे.

आता मी ज्या प्रकरणाकडे येतो त्याविषयी इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा काही सापडत नाही, आणि मराठी माणसाला तर तेच आधी भेटते. घड्याळावर आकडे आणि गावाचे नाव देवनागरीत हवे असते. प्रथम मजकुराचे रूपांतर आकृतीत करावे लागते, कारण आपल्या संगणकातील टंक कारखान्याच्या संगणकात नसला तर तेथे अक्षरांऐवजी चौकोन उमटतात. हे सर्वच लिप्यांना लागू आहे. परंतु देवनागरीचे बहुतेक टंक असे रचलेले असतात की प्रत्येक अक्षर आपल्या शिरोरेषेचा तुकडा स्वतःबरोबर आणते, आणि शेजारच्या अक्षराच्या तुकड्यावर तो किंचित चढून सलग शिरोरेषेचा भास होतो. कागदावर हा भास पूर्ण असतो. आकृतीत रूपांतर केल्यावर मात्र प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र उरते, आणि यंत्र त्या प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा आडवी कापीत जाते. माझ्या पहिल्या फाइलीत हेच झाले: घराच्या पाटीसाठी 'आनंद' हा शब्द पत्र्यातून उभा कापून घ्यावयाचा होता, आणि हाती आली ती सुटी सुटी अक्षरे. ज्याने कापले त्याचा काहीही अपराध नव्हता. मी लिहिले तेच त्याने कापले. इलाज सोपा आहे. रूपांतर झाल्यावर सर्व आकृत्यांचे एकत्रीकरण करावयाचे, म्हणजे एकमेकींवर चढलेल्या कडा नाहीशा होऊन शब्दाभोवती एकच अखंड सीमा उरते.

आणि असे एकत्रीकरण झाले की आपल्या लिपीचा एक गुण उजेडात येतो, जो मला फार मोलाचा वाटतो. रोमन लिपीत शब्द उभा कापावयाचा तर प्रत्येक अक्षर सुटे पडते व त्यांना जोडण्यासाठी खाली पट्टी द्यावी लागते. देवनागरीत ती पट्टी वर, शिरोरेषेच्या रूपाने, लिपीनेच दिलेली आहे. 'ग', 'ण', 'श' ह्यांचे काने, जे इतर अवयवांपासून अलग उभे असतात, तेही तिच्यामुळेच टिकून राहतात. अनुस्वार मात्र तिच्या आश्रयाबाहेर असतो. एकत्रीकरण न विसरताही 'आनंद'चा 'आनद' होऊ शकतो, कारण तो बिंदू कोठेच जोडलेला नसून कापल्याबरोबर भंगारात पडतो. त्याला शिरोरेषेपर्यंत दीडदोन मिलिमीटर रुंदीचा देठ जोडून द्यावा लागतो.

ह्याच्या उलट, अक्षरे पत्र्यात आरपार कोरावयाची असली, म्हणजे अक्षराच्या जागी पोकळी आणि भोवती धातू असे हवे असले, तर संकट उलट्या बाजूने येते. 'प' आणि 'म' ह्यांच्या पोटातला, 'व' आणि 'क' ह्यांच्या वेटोळ्यातला धातू चारी बाजूंनी सुटून बेटासारखा खाली पडतो. आकड्यांत बहुतेक टंकांत '४' चे खालचे वेटोळे आणि '१' चे डोके ह्यांची हीच गत होते, आणि '१०' मधील पूज्य तर भोकच होऊन राहते. प्रत्येक बेटाला भोवतालच्या धातूशी जोडणारा एक अरुंद पूल ठेवावा लागतो, आणि तो कोठे ठेवला म्हणजे अक्षर वाचनीय राहील हे ठरविणे हे खरे कलावंताचे काम आहे. ट्रकांवर व पिंपांवर नाव रंगविण्यासाठी पत्र्याचे छाप कापणारे जुने रंगारी हे पूल अचूक जागी ठेवीत. त्यांचे छाप कोठे पाहावयास मिळाले तर ते लक्षपूर्वक पाहावेत. आमच्या सूर्यघड्याळापुरते पाहिले तर आकडे रेषांप्रमाणे वरवर कोरून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

पत्र्याला जाडी असते, ही गोष्ट कागदावर चित्र काढणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. शंकू ३ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे त्याला सावली पाडणाऱ्या कडा दोन आहेत: सकाळी पश्चिमेकडची कड वेळ दाखविते, दुपारनंतर पूर्वेकडची. तेव्हा मध्यान्हरेषा एक काढून भागत नाही. तबकडी मधोमध चिरून तिचे दोन अर्ध ३ मिलिमीटर दूर सारल्याप्रमाणे आराखडा करावा लागतो, आणि पश्चिमेकडील रेषा एका बिंदूतून, पूर्वेकडील दुसऱ्या बिंदूतून निघाव्या लागतात. शंकू उभा राहावा म्हणून त्याच्या पायाला दोन जिभा आणि तबकडीत त्यांच्यासाठी दोन खाचा ठेवतात. खाच बरोबर ३ मिलिमीटर काढली तर जीभ शिरेलच असे नाही, कारण बाजारातील ३ मिलिमीटर पत्रा व्हर्नियरने मोजला तर त्यापेक्षा थोडा कमीजास्त निघतो. एकदोन दशांश मोकळीक, म्हणजे ३.१ किंवा ३.२, ठेवणे इष्ट. किरण स्वतः काही जागा खातो, आणि पातळ पत्र्यात ही कापाची रुंदी, जिला कारखान्यात कर्फ म्हणतात, १ ते ३ दशांश मिलिमीटर असते. ती भरून काढण्याची तजवीज बहुधा यंत्राच्या प्रणालीतच केलेली असते. म्हणून आराखड्यात आपण ती पुन्हा धरू नये, निदान विचारल्यावाचून धरू नये, नाही तर एकाच चुकीची दुरुस्ती दोनदा होऊन नवी चूक जन्माला येते.

भोकांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. पत्र्याच्या जाडीहून लहान व्यासाचे भोक लेझरने स्वच्छ पडत नाही, कारण किरण प्रथम पत्रा भेदतो तेव्हाचा तडाखाच तेवढी जागा खराब करतो. ३ मिलिमीटर स्क्रूच्या आट्यांसाठी लागणारे अडीच मिलिमीटरचे भोक मागण्यापेक्षा तेथे केवळ मध्यखूण कोरून घ्यावी व भोक घरी ड्रिलने पाडावे. पत्रा गेजमध्ये सांगू नये, मिलिमीटरमध्येच सांगावा: आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापाने १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, तर अमेरिकी मापाने पोलादाच्या पत्र्यात तो आकडा सुमारे १.५ भरतो. स्टेनलेस पत्रा नायट्रोजनच्या झोतात कापला की कड चकचकीत राहते. साधे पोलाद प्राणवायूने कापले की कडेवर ऑक्साइडची पातळ साल धरते आणि ती कानशीने काढल्यावाचून रंग दिला तर रंग त्या सालीसकट निघून येतो. आमची तबकडी सुमारे १ किलो ७०० ग्रॅम भरते, पण बिल पत्र्याच्या चौकोनाचे होते आणि त्याचे वजन २ किलोंहून थोडे अधिक. त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत काय बसेल ह्याचा विचार आधीच केला तर धातू फुकट जात नाही.

फाइलीच्या नावातच धातू, जाडी आणि नगांची संख्या लिहिण्याची सवय उपयोगी पडते, कारण पत्र वेगळे पडते, दूरध्वनीवरचे बोलणे विसरले जाते, पण नाव फाइलीला चिकटून राहते. 'तबकडी-एसएस३०४-३मिमी-१नग' असे नाव कोणाला रुक्ष वाटेल. मला ते पत्रव्यवहाराच्या दप्तरावरील ठसठशीत मथळ्याइतके दिलासा देणारे वाटते. तयार फाइलीचे नाव 'अंतिम' असे कधी ठेवू नये, तारीख घालावी.

एवढे झाले तरी फाइल लगेच पाठवू नये. ती प्रथम कागदावर एकास एक प्रमाणात छापावी. छापताना 'पानात बसवा' ही खूण काढून टाकावी, आणि आराखड्याच्या बाजूला मुद्दाम ओढलेली १०० मिलिमीटरची रेषा पट्टीने मोजून पाहावी. मग तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कात्रीने कापावा, जिभा खाचांत बसवाव्यात, आणि ते पुठ्ठ्याचे घड्याळ स्वच्छ उन्हात, खऱ्या उत्तरेकडे तोंड करून गच्चीवर ठेवावे. पुण्यात त्याने १२ वाजल्याचे दाखविले म्हणजे हातातल्या घड्याळात सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटे झालेली असतील, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेस सुमारे ८.६ अंशांवर आहे. शिवाय सूर्याच्या गतीतील विषमतेमुळे नोव्हेंबरच्या आरंभी ही वेळ १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास व फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास येते. पुठ्ठ्याची सावली ह्या हिशेबाशी सकाळी, दुपारी आणि सायंकाळी तिन्ही वेळा जुळली, तरच ती फाइल भोसरीस पाठवावी.